धुळे ते जळगाव, विमानाने सहा मिनिटं

उद्या कानबाई. श्रावण लागला की आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारची वाट बघणं सुरू होतं, आणि माझ्या घरी आणखी एक गोष्ट सुरू होते. माझे वडील, नाना, चौऱ्याऐंशी वर्षांचे, गॅलरीतल्या खुर्चीत बसून मला हाक मारतात आणि दर वर्षी तेच विचारतात.

"शोभा, जयगावथून टोरांटो कितलं दूर शे? देख बरं. आनि तास कितला लागतस?"

नाना गेली साडेतीन वर्षं माझ्याकडे धुळ्याला राहतात. पण टोरांटोचं अंतर त्यांना जळगावहूनच हवं असतं. मी मोबाईल काढते. एक संकेतस्थळ आहे, त्यावर एका चौकटीत एक गाव टाकायचं, दुसऱ्या चौकटीत दुसरं, की ते सरळ रेषेतलं अंतर सांगतं आणि विमानाला किती वेळ लागेल तेही. जळगाव ते टोरांटो बारा हजार तीनशे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. साडेचौदा तास. नाना मान हलवतात. जुन्या ओळखीच्या माणसाची खुशाली कळावी तसे.

जळगावहून टोरांटोला विमान जात नाही, हे त्या संकेतस्थळाच्या गावी नाही. त्याला दोन ठिपके दिले की झालं. आज नाना आत गेल्यावर मी गंमत म्हणून शिंदखेडा आणि फैजपूर टाकून बघितलं, त्याचीही विमानाची वेळ त्यानं इमानेइतबारे सांगितली. मग मी धुळे आणि जळगाव टाकलं. ब्याऐंशी किलोमीटर. विमानाने सहा मिनिटं.

मी एकटीच हसले. तेहतीस वर्षं मी त्या सहा मिनिटांच्या रस्त्यावर एसटीने हिंडले आहे. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. रस्ता खोदलेला नसेल तर अडीच तास, आणि खोदलेला नसायचा असं फारसं आठवत नाही. दोन शनिवारांआड एक फेरी. मायचं डोळ्यांचं ऑपरेशन, नानांचा हर्निया, गॅसचं कार्ड, बाथरूममधली गळती. खिडकीशी जागा मिळाली तर कपाशीची शेतं बघायची, नाही तर समोरच्याची पाठ. या सगळ्याला लागलेले तास कोणी विचारले नाहीत. विचारावं असं त्यात काही नव्हतंच म्हणा.

मी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. प्रवीण, माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांपूर्वी टोरांटोला निघाला तेव्हा मी शाळेतला पृथ्वीगोल पिशवीत घालून जळगावला नेला होता. नाना भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. सगळा जन्म शेतं मोजण्यात गेला. भाऊ-भाऊ वेगळे होताना नानांनी साखळी टाकून वाटे पाडायचे, आणि बांधावर डोकी फुटायची वेळ आली की नानांचा शब्द शेवटचा. बहिणींचे वाटे मोजायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. बहिणी सही करून मोकळ्या व्हायच्या.

तर नाना भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी लावून बसले होते. अरबस्तान, युरोप, मग तो अटलांटिक, असं आडवं मोजत. मी म्हटलं, नाना, नकाशा चपटा असतो, तो खोटं बोलतो. मग गोलावर दोरा धरून दाखवला. एक टोक जळगाववर, एक टोरांटोवर, आणि दोरा ताणला की तो पश्चिमेकडे जातच नाही. सरळ उत्तरेला चढतो. रशियावरून, बर्फाच्या समुद्राजवळून, ग्रीनलंडला खेटून खाली उतरतो. नाना थक्क झाले. पुन्हा पुन्हा दोरा ताणून बघितला. साधारण एक फूट भरला.

"मजार बर्फ शे म्हनस?" मध्ये बर्फ आहे म्हणतेस?

"बर्फच."

"त्याले थंडी वाजी व्हई." त्याला थंडी वाजेल. हे माय म्हणाली, स्वयंपाकघरातून.

प्रवीण सांगत होता, चौदा तास फक्त, नाना. रात्री झोपलो की सकाळी इथे. कोणी बोलावलं की आलोच. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. चौदा तास विमानाचेच होते. तिथल्या घरापासून विमानतळ, इथे उतरल्यावर मुंबई, मुंबईहून गाडी, मिळाली तर सुट्टी, मुलांच्या शाळा, बायकोचं माहेर, हे सगळं त्याच्याही हिशेबात नसणार. तो दोरा नानांनी जपून ठेवला. चष्म्याच्या डबीत असायचा. जळगावच्या टोकाला त्यांनी खुणेची गाठ मारली होती, आणि त्या गाठीखाली गोलावर जळगाव आणि धुळे दोन्ही झाकले जायचे. हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं होतं.

कानबाई म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. नारळाला डोळे, नाक, नथ, पुतळ्या घालून देवी सजवायची, केळीच्या खांबांत चौरंगावर बसवायची. रविवारी बसते, रात्र गाण्यांत जाते, सोमवारी सकाळी बायका डोक्यावर घेऊन नाचत विसर्जनाला नेतात. जळगावला आमची कानबाई मेहरूणच्या तलावावर जायची. ओल्या केळीच्या पानांचा वास, तेलात पडलेल्या कुरडईचा वास, आणि बायकांच्या घामाने भिजलेल्या नव्या पातळांचा. या दिवसांत तो वास कुठूनही आला तरी मी नऊ वर्षांची होते.

पण कानबाईचं खरं काम रोटाचं. घरात जितके पुरुष तितकी गव्हाची मापं. काही घरांत माणशी सव्वा मूठ असते, आमच्या घराण्यात सव्वा शेर. पाळण्यातला मुलगासुद्धा मोजायचा. ते गहू दळायचे, गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, जाड रोट भाजायचे, देवीला दाखवायचे. आणि मग ते रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे. घराण्यातल्यांनीच. शेजाऱ्याला, पाहुण्याला, भिकाऱ्यालाही तुकडा द्यायचा नाही. उरला तर खड्डा करून पुरायचा, आणि ज्याच्या नावाचा उरला त्याला ते बाधतं म्हणतात. लग्न होऊन आलेली सून घराण्यातली, ती खाते. लग्न होऊन गेलेली लेक दुसऱ्या घराण्याची, ती खात नाही.

मी नऊ वर्षांची असताना एकदा नाना मापं काढत होते. एक नानांचं, एक आजोबांचं, एक तीन महिन्यांच्या प्रवीणचं. मी विचारलं, आणि माझं?

"तुनं माप तुना घर निंघी," माय म्हणाली.

"मना घर कोठे शे?"

माय हसली. सगळे हसले. मला मात्र तेव्हापासून त्या शेराच्या मापाचा राग आहे. पितळेचं होतं, काठ जरा चेपलेला. लग्न झाल्यावर धुळ्याला सासरी पहिल्या कानबाईला बघितलं, तिथेही मापं निघाली. सासऱ्यांचं, नवऱ्याचं, दिरांचं. माझं घर मिळालं, माप काही निघालं नाही.

प्रवीण गेल्यावर नानांनी एक तोड काढली होती. तो इथे नाही तर त्याचा सव्वा शेर खाणार कोण, म्हणून त्याच्या नावाची एक मूठ तेवढी घालायचे. नंतर त्याच्या दोन मुलांच्या दोन मुठी. ती पोरं तिकडेच जन्मली, त्यांना कानबाई म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण मुठी पडायच्या. मी त्या अनेकदा बघितल्या. नाना मूठ वळून डोळे मिटायचे आणि मग ती गव्हात सोडायचे.

त्या वर्षी, चार वर्षं झाली आता, प्रवीण म्हणाला की यंदा कानबाईला येतो. पोरांना घेऊन. माय तेव्हा खंगत चालली होती. साखर वाढलेली, पायांवर सूज, जिना चढताना दम. तिला बघून घ्यावं असं त्याला वाटलं असेल. नानांनी दोरा काढला, वहीत हिशेब मांडला. शुक्रवारी रात्री आठला तिकडून निघेल, म्हणजे आपल्याकडे शनिवारची पहाट साडेपाच. त्यात चौदा तास. शनिवारी रात्री मुंबई, रविवारी सकाळी जळगाव. मी म्हटलं, नाना, मध्ये कुठे तरी थांबतं विमान, तेवढंच नाही धरायचं. तर म्हणाले, दुपार होईल मग, नैवेद्याला पोचतोच. साडेनऊ तासांचा फरक त्यांनी बिनचूक धरला होता. मोजणीत चूक काढायला जागा ठेवायचे नाहीत.

शनिवारी सकाळी मी धुळ्याहून निघाले. पारोळ्याच्या पुढे रस्ता एका बाजूने उखडलेला, गाडी उभी. पाऊस नुसता भुरभुरत होता. नऊच्या सुमारास मोबाईल वाजला. प्रवीणचा मेसेज. अक्का, यंदा नाही जमत. सुट्टीचं शेवटच्या क्षणी फिसकटलं. मी नानांना फोन करायची हिंमत करू शकत नाही. तू सांग, तुझं ऐकतात ते.

मी तो दोनदा वाचला. माझं ऐकतात. त्याच वेळी नानांचा फोन आला. कुठपर्यंत आलीस विचारायला. आवाज असा की मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"आते तो बर्फना वर व्हई," ते म्हणाले. "गहू काढी ऱ्हायनू. पुरं माप काढस यंदा. चारी जनसनं." चौघांचं: स्वतःचं, प्रवीणचं, त्याच्या दोन्ही पोरांचं.

मला एवढंच म्हणायचं होतं की नाना, थांबा. पाच अक्षरंही नाहीत. प्रवीण बर्फावर नव्हता, आपल्या घरी अंथरुणात होता, आणि गहू अजून कोठीत होते. मी म्हटलं, "बरं."

का, ते मी इतकी वर्षं वेगवेगळ्या तऱ्हांनी स्वतःला सांगून बघितलं. की फोनवर कसं सांगायचं, मायची तब्येत, पोचल्यावर समोर बसून सांगू. ते सगळं झूट आहे. मला नानांची मोजणी एकदा तरी चुकलेली बघायची होती. बघू दे म्हटलं त्यांना, त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते. अडीच तासांची एसटी चार तासांवर गेली होती, माझी पाठ भरून आली होती, आणि त्यांना मारायला एक दगड माझ्या हातात आयता आला होता. मी तो मारला.

पोचले तेव्हा गहू गिरणीत गेले होते. रविवारी सकाळपासून माय चुलीपुढे बसून भाजत होती, सूज आलेले पाय लांब करून. अठ्ठावीस रोट झाले. नानांनी मोजले. एरवी आठ-नऊ व्हायचे. नाना धुतलेलं धोतर नेसून फाटकात उभे. रिक्षा वळली की पुढे व्हायचे. नैवेद्य दाखवायची वेळ झाली तेव्हा मी सांगितलं. आत्ता मेसेज आला म्हटलं.

नाना फाटक लावून आत आले, चष्म्याची डबी उघडली, मिटली. माय म्हणाली, "कामं ऱ्हातस त्याले." मग ती रोटांच्या टोपलीकडे बघत राहिली. ते रोट कोणी खायचे याचा मी विचारच केला नव्हता.

सोमवारी देवी गेली. पौर्णिमा शुक्रवारी. नाना दोन वेळा एकेक खात, कवळीने चावेना तरी. बाकी सगळं माय खात होती. दुधात कुस्करून, पाण्यात भिजवून, मंगळवारी मीठ लावून. गुळाचे रोट, साखर वाढलेली बाई. मी म्हटलं, पुरून टाका, देवीला कळतं. तर म्हणाली पोरांचा वाटा पुरतात का, त्यांच्यावर येतं. त्या तिघांच्या नावचं सगळं तिनं आपल्या तोंडात घ्यायचं ठरवलं होतं. मी शाळेत रजा टाकून थांबले होते. समोर बसून बघायचं एवढंच काम. बुधवारी मी टोपलीत हात घातला.

"तुना रोट धुयाले," नाना म्हणाले. "आठे नही." तुझे रोट धुळ्याला, इथे नाही.

रागाने म्हणाले नाहीत. बांधावर दगड दाखवावा तसं म्हणाले. हद्द इथे. मी हात काढून घेतला. पन्नाशी उलटलेली बाई, तीस वर्षं पोरांना अक्षांश-रेखांश शिकवलेली, आणि मला त्या जाड, वाळक्या, कडा करपलेल्या रोटासाठी रडू आलं.

गुरुवारी दुपारी दोन रोट राहिले. माय सकाळी ओकली होती. नाना बाहेरच्या खोलीत आडवे झालेले. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं, आणि एक रोट माझ्या हातावर ठेवला.

"खाय. पोटमा जागा नही आते. कोनले सांगू नको."

मी उभ्याने खाल्ले, दोन्ही. पाण्याचे घोट घेत. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जळला तो माहेरच्या वाट्याचा रोट कसा लागतो ते मला कळलं. शिळ्या कणकेसारखा. माय दाराला पाठ लावून बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत माया होती असं मला त्या वेळी वाटलं. हल्ली वाटतं, सुटका होती. पोराचं बालंट टळलं, खाणारं तोंड मिळालं. दोन्ही असेल. तिला विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी प्रवीणचा फोन आला. नाना मोठ्याने बोलत होते, लांबच्या फोनवर बोलतात तसे.

"बठ्ठा रोट सरनात. काळजी करू नको. तुना वाटा तुनी मायनी खादा." सगळे रोट संपले, तुझा वाटा तुझ्या आईने खाल्ला.

मायनं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पातेल्याकडे. दुसऱ्या दिवशी राखी पौर्णिमा होती. माझी राखी पंधरा दिवस आधीच टोरांटोला रवाना झाली होती.

माय त्याच हिवाळ्यात गेली. डॉक्टर म्हणाले, त्या पाच दिवसांचा काही संबंध नाही, मूत्रपिंडं आधीच गेलेली. डॉक्टरांना काय, त्यांनी कारण कागदावर लिहिलं. प्रवीण आला. चौदा तासांना तीन दिवस लागले. तोपर्यंत आम्ही थांबू शकत नव्हतो. दहाव्याला तो नदीवर खूप रडला, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्याशी भांडायला माझ्याकडे तोंड होतं कुठे. जाताना तो म्हणाला, अक्का, नानांना तू धुळ्याला ने, जवळ आहेस.

हे सगळं मी शनिवारी लिहायला घेतलं होतं, नाना मला अंतर विचारून गेल्यावर. आज रविवार. आमच्या घरी कानबाई बसली. ह्यांनी सकाळी मापं काढली, एक स्वतःचं, एक आमच्या मुलाचं. तो पुण्याला असतो. मी गहू पाखडून दिले.

रोट भाजायला लागले तसा वास गॅलरीत गेला. नाना खुर्चीत सरळ बसले. त्यांच्या जळगावच्या घराला कुलूप आहे, तिथे कानबाई बसत नाही, आणि माझ्या घरातले रोट माझ्या सासरच्या घराण्याचे. नानांना त्यातला तुकडा देता येत नाही. माझ्या घरात साडेतीन वर्षं राहून, आज ते पाहुणे. दर वर्षी मी त्यांच्यासाठी वेगळा वरण-भात लावते.

आज मात्र मी एक गरम रोट पदराआड धरून त्यांच्यापुढे गेले. म्हटलं, खा, कोणी बघत नाही. नानांनी हात मागे घेतला.

"नही. मी परघरना."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, त्या वर्षी शेवटचे दोन रोट मायनं नाही खाल्ले. मी खाल्ले."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "सकायपाइन तिना पोटमा पानी ठरे नही. दोन रोट मी मोजेल व्हतात." सकाळपासून तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, आणि दोन उरलेत हे त्यांनी मोजलेलं होतं.

"मग प्रवीणला का नाही सांगितलं?"

"त्याले वाईट वाटतं," नाना म्हणाले. "वाटा घरबाहेर गया म्हनीसन." वाटा घराबाहेर गेला म्हणून त्याला वाईट वाटलं असतं.

त्या मेसेजचं तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शनिवारी सकाळी नऊ, पारोळ्याच्या पुढे, गहू कोठीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते सांगून दुखवता आलं असतं, आणि दुखवायचं होतं म्हणूनच गप्प बसले. रोट आत नेऊन टोपलीत ठेवला. त्यांच्या ताटात वरण-भात वाढला, लिंबाची फोड ठेवली, ताट गॅलरीत नेऊन दिलं. येताना स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि आम्ही आत रोट खायला बसलो.